भिंत दोघांची आहे

पाऊस यायला पाच आठवडे उरलेत. आमच्या बोळात या आठवड्यात महापालिकेचे लोक दोन दारांवर धोकादायक इमारतीची नोटीस डकवून गेले. दर उन्हाळ्यात हे होतं, त्यामुळे थांबून कोणी वाचत नाही. कागद उन्हानं पिवळा पडतो, पहिल्या सरीत गळून जातो. कधीकधी त्याच्यापाठोपाठ वाडाही. पुण्याच्या पेठांतले वाडामालक, त्यांचे भाडेकरू, प्रॉपर्टी कार्डावर नाव आहे पण राहायला बाणेरला किंवा न्यू जर्सीला आहेत असे वारस, आणि ज्यांचा वाड्याशी काही संबंध नाही पण ज्यांची भिंत वाड्याच्या भिंतीला लागून आहे असे शेजारी, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. सगळ्यात जास्त त्या शेवटच्यांसाठी.

मी सदाशिव पेठेत वाढले, अजून तिथंच राहते. आमच्या डाव्या हाताचा वाडा तीन वर्षांपूर्वी उतरवला. 'पाडला' असं कंत्राटदार कधी म्हणत नाही, 'उतरवला' म्हणतो, डोक्यावरचं ओझं उतरवावं तसं. चार दिवसांत कौलं गेली, मग लाकूड, मग माती. शेवटी उरली आमची भिंत, आणि तिच्यावर त्यांचं घर. जिन्याची तिरपी रेघ, स्वयंपाकघराचा निळसर चुना, त्यावर फोडणीच्या धुराचा काळा पट्टा, देवळीतून खाली आलेला तेलाचा ओघळ, कॅलेंडरचा खिळा. ती देवळी आमच्याच भिंतीत कोरलेली होती. आम्ही समजत होतो भिंत आमची, ते समजत होते त्यांची, आणि कोणाचीच अडचण नव्हती.

त्यांच्या दोन तुळया त्या भिंतीतून आरपार येऊन आमच्या माजघरातल्या खांबांवर टेकलेल्या होत्या. कंत्राटदाराच्या माणसानं त्या करवतीनं भिंतीलगत कापून टाकल्या. त्याच्या दृष्टीनं काम सफाईदार झालं. त्याच पावसाळ्यात आमच्या माजघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली आणि पुढच्या मे महिन्यात नोटीस आमच्या दारावर आली. दोनशे वर्षं दोन घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. एकाचा हात काढला, दुसरं कललं. पेठांमध्ये वाडे एकेक करून पडताना दिसतात, पण खरं तर एक पडतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांची पाळी लावून जातो.

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी नावं येतात. शनिवारवाड्याची आतली इमारत 1828च्या आगीत गेली, तरी तट आणि दिल्ली दरवाजा बघायला लोक येतात. विश्रामबागवाड्यालाही 1879मध्ये आग लागली होती. तो सावरला गेला, आजही बाजीराव रस्त्यावरून जाताना त्याच्या लाकडी सज्जाकडे मान वळते. नाना वाडा आहे, केसरीवाडा आहे, गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. यांना पाटी आहे, पहारेकरी आहे, यादीत क्रमांक आहे. त्यांची काळजी वाहायला निदान कोणीतरी नेमलेलं आहे. मी बोलते आहे ते पाटी नसलेल्यांबद्दल. दीड खणाचा दर्शनी भाग, दोन मजले, वर माडी, पुढे ओटा, आणि दोन्हीकडून शेजाऱ्याला चिकटलेलं घर. एकेकटं पाहिलं तर त्यात बघण्यासारखं फारसं नाही, हे मी पुणेकर असूनही कबूल करते. पण वीस घरं ओळीनं उभी राहिली की बोळ तयार होतो, ओट्यांची सरळ रेघ तयार होते, आणि दुपारी तीन वाजता त्या बोळात जो गारवा असतो तो तयार होतो.

कसब्यातली तांबट आळी बघून या. खाली काम, वर राहणं. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पाडून हंडा, बंब, पातेली घडवणारे कारागीर पेशव्यांच्या काळापासून त्या ओळीत आहेत. या मठारकामाचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. तो सहन होतो कारण शेजारीही तेच करतो. त्यातलं एकेक कुटुंब उचलून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं तर कुटुंब राहील, धंदा राहणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीचा पहिला फोन दुसऱ्याच दिवशी येईल. हे मी वाड्यांच्या प्रेमापोटी सांगत नाही. घराचा आकार आणि पोटाचा धंदा एकमेकांत किती गुंतलेले असतात, ते तिथं उघड दिसतं एवढंच.

ही ओळ वरवर दिसते तेवढीच नसते, जमिनीखालीही असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणला गेला. ठिकठिकाणी हवा सोडणारे उच्छ्वास, मग हौद, आणि तिथून काही वाड्यांच्या आतल्या हौदांपर्यंत पाणी, सगळं उतारावर, पंपाशिवाय. सदाशिवरावभाऊंच्या नावाची आमची पेठ वसली ती अशा आखणीवर. आज नव्या इमारतीचा पाया खोदताना या नळाचे तुकडे जेसीबीच्या दातात येतात. ड्रायव्हर खाली उतरून बघतो, मुकादम म्हणतो चल, आणि काम पुढे जातं.

आता वाडे का पडतात, ते सांगते. जुनं झालं म्हणून पडलं, हे उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा चुकीचं.

वाडा हा मुख्यतः लाकडी सांगाडा असतो. घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडा, तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. मधली विटा-मातीची भिंत सांगाड्यातली जागा भरते आणि घर गार ठेवते. म्हणून भिंतीचा गिलावा फुगला, पोपडे निघाले, की बघणारा घाबरतो, पण खांब धड असेल तर तो धोका दुरुस्तीचा आहे. याउलट ऑइलपेंट मारून चकचकीत केलेला खांब तळाशी भुसा झालेला असू शकतो आणि कोणाला पत्ता नसतो. साधी परीक्षा आहे: खांबाच्या पायाशी, तळखड्याच्या वर चार बोटं, सुरीचं टोक दाबून बघा. टणक लागलं तर बरं. सुरी लोण्यासारखी आत गेली तर उद्याच टेका लावा, परवा नको.

सागवानाला वय मारत नाही, ओल मारते. ती येते कुठून? एकत्र कुटुंबं फुटली, खणाखणात बिऱ्हाडं आली, आणि वरच्या मजल्यावर जिथं कधी पाणी सांडलं नव्हतं तिथं मोऱ्या झाल्या, मग न्हाणीघरं, मग संडास. कडीपाटावर शहाबादी फरशी, फरशीखाली वर्षानुवर्षं थेंब थेंब. दुसरं कारण सिमेंट. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. एखादा हौशी मालक दोन पैसे जास्त घालून सगळ्या वाड्याला सिमेंटचा हात फिरवून घेतो आणि समाधानानं झोपतो. पाच-सात वर्षांत तुळयांची टोकं भिंतीच्या आत कुजलेली असतात. तिसरं पिंपळ. 'देवाचं झाड' म्हणून कोणी हात लावत नाही, आणि त्याचं मूळ भिंतीचे दोन भाग करून मोकळं होतं.

आणि चौथी, सगळ्यात क्षुल्लक, सगळ्यात घातकी गोष्ट म्हणजे पन्हळ. दोन वाड्यांची उतरती छपरं जिथं मिळतात तिथं सामाईक भिंतीच्या डोक्यावरून पन्हळ जाते. दोन्ही घरांचं पावसाचं पाणी तिच्यात पडतं. तिच्यात पिंपळाची पानं, पतंगाचा मांजा, कावळ्यानं आणलेलं हाड, गणपतीत उडवलेला गुलाल, सगळं साठतं. तुंबली की पाणी कडेवरून भिंतीत उतरतं, बरोबर तुळयांच्या टोकांवर. साफ करायला दोन माणसांची एक सकाळ लागते. पण ती नेमकी कोणाची हे ठरलेलं नसतं, त्यामुळे दोघंही वाट बघतात. मी पाहिलेल्या पडझडींतल्या निम्म्या तरी या पन्हळीपासून सुरू झाल्या.

इथं मालकाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे आवाहन म्हणजे बाहेरच्यांनी आतल्यांना केलेला उपदेश होईल. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1940च्या पातळीवर बांधून टाकली. 1999च्या नव्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढीची सोय झाली. महिना 12 रुपये भाडं असेल तर चक्रवाढीनं धरूनही पंचवीस वर्षांत ते जेमतेम 32 रुपये होतं. एका मंगलोरी कौलाचीही किंमत निघणं मुश्कील. अशा घरात मालकानं सागवान बदलावं, ही अपेक्षा कोण कुठल्या तोंडानं करणार? भाडेकरूचंही चुकीचं नाही. दुरुस्ती केली तर ती कोणाच्या नावावर, आणि केली म्हणून उद्या जागा सोडावी लागणार नाही याची हमी कोण देणार? दोघंही एकमेकांच्या आधी वाडा दमायची वाट बघतात. आणि वाडा दमतो. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे एका दिवसात वाहून गेले; त्याची आठवण शहरानं जपली आहे. त्यानंतर या थंड वाट बघण्यात जे गेले, त्यांची आठवण काढायला तारीखही नाही.

आता मेट्रो आली आहे. 2024च्या सप्टेंबरपासून कसबा, मंडई इथं भुयारी स्थानकं चालू आहेत, आणि स्थानकाजवळच्या जागेला जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, म्हणजे जागेचा भाव वेगळा. जे बिल्डर बोळात गाडी वळत नाही म्हणून फिरकत नव्हते ते आता चहाला येतात. येऊ द्या. सगळे वाडे वाचले पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. काही इतके गेलेले आहेत की त्यांत माणसं ठेवणं हाच गुन्हा आहे. ते रिकामे करा, आज करा. वाडा पडतो तेव्हा खाली माणसं असतात, ही गोष्ट वारशाच्या कुठल्याही गप्पांपेक्षा मोठी आहे. माझी तक्रार दुसऱ्या प्रकारच्या वाड्यांबद्दल आहे, जे पन्नास-साठ हजारांच्या डागडुजीवर आणखी चाळीस वर्षं काढतील आणि तरीही एका कागदावर एकच शिक्का मारून संपवले जातात.

बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. 1848मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा तिथं सुरू केली. देशात यापेक्षा मोलाच्या भिंती थोड्याच असतील. मालकी, भाडेकरू, नुकसानभरपाई असे वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालले. तेवढी वर्षं छप्पर गळत राहिलं. 2023च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तेव्हा वाडा वाचवण्यापलीकडे गेला होता. डिसेंबरात तो उतरवला गेला, जागा स्मारकासाठी घेतली. स्मारक व्हायलाच हवं, ते दिमाखदार व्हावं. पण ज्या खोलीत त्या मुली पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या ती खोली आता कुठलंच स्मारक परत देऊ शकत नाही. खटला चालू असताना छपरावर ताडपत्री तरी घालता आली असती, हे मला राहून राहून वाटतं.

फार लांब जायला नको, अहमदाबाद बघा. तिथल्या पोळींमधली, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधली, घरं आपल्या वाड्यांसारखीच: लाकडी सांगाडा, मधे चौक, भिंतीला भिंत. 2017मध्ये युनेस्कोनं ते जुनं शहर जागतिक वारसा म्हणून घेतलं, भारतातलं पहिलं शहर. त्यांनी चार मोठ्या इमारती पुढे केल्या नाहीत, पोळींसकट अख्खं शहर पुढे केलं. तिथंही घरं पडतात, तिथंही मालक भाडेकरूशी भांडतो. पण एक घर पाडायला निघालं तर त्यानं पोळीचं काय होईल, हा प्रश्न तिथं निदान विचारला जातो. आपल्याकडे वारसा यादीत एकेका वास्तूला श्रेणी मिळते. तिच्या शेजाऱ्याला काही नाही. यादीतल्या वाड्याला न वापरता आलेल्या बांधकामाच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची वाट तरी आहे. ओळीतल्या साध्या घरानं काय करायचं? महापालिकेकडे माझं मागणं आहे ते हेच: तांबट आळीसारख्या ओळी अख्ख्या नोंदवा, आणि पाडण्याच्या परवानगीआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंती तपासल्याचा दाखला मागा.

महापालिका ते करील तेव्हा करील. पुढचे पाच आठवडे आपले आहेत, म्हणून आता प्रत्येकाला वेगळं सांगते.

नोटीस आली असेल तर ती फाडू नका, घाबरून सहीही करू नका. तिच्यावर कुठला वर्ग लिहिला आहे ते वाचा. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2 म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यात काही वेळा घर रिकामं करावं लागतं, काही वेळा नाही. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि बोळात सगळ्यांना एकच नाव आहे, 'नोटीस आली'. तपासणीला येणाऱ्या इंजिनिअरला लाकडाचं काम कळतं का, हे तोंडावर विचारा. आरसीसीतला माणूस वाड्यात शिरला की पहिल्यांदा कॉलम शोधतो. त्याच्या अहवालावर सागवानाचा निकाल लागता कामा नये.

भाडेकरूंनो, सोडायची वेळच आली तर आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप घर पाडण्याआधी महापालिकेकडून लेखी घ्या. तोंडी शब्दावर निघालेली बिऱ्हाडं मी परत आलेली पाहिली नाहीत.

शेजारचा वाडा उतरणार असेल तर कामाच्या आधी आपल्या भिंतीचे आतून फोटो काढून ठेवा, भेगांवर तारीख घालून कागदाच्या पट्ट्या चिकटवा. तुळयांची टोकं कापायच्या आधी आपल्या बाजूनं टेके लावायला सांगा. पार्किंगसाठी तळघर खोदणार असतील तर भिंतीपासून किती अंतर सोडणार ते कागदावर घ्या. हे मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर आमच्या माजघरात आज लोखंडी खांब उभा नसता.

परदेशातल्या वारसांनो, कुलमुखत्यारपत्र कुरिअरनं पाठवण्याआधी एकदा येऊन जा. जमत नसेल तर भाच्याला, पुतणीला पाठवा. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडल्याशिवाय चावी कोणाला देऊ नका. तिच्यात मोडी कागद असतील, जमाखर्चाच्या वह्या असतील, घर बांधताना लाकूड कुठून आणलं याचा हिशेबही असेल. सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ 1910पासून असे कागद सांभाळतं आहे. रद्दीवाल्याआधी तिथं दाखवा. लाकडाचंही तसंच. वाडा उतरला की खांब भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जातात, कड्या-कोयंडे रविवारच्या जुन्या बाजारात, आणि महिरपीची खिडकी कुठल्याशा हॉटेलात प्लॅस्टिकच्या वेलीखाली. दिनकर केळकरांनी दारोदार फिरून असल्या वस्तू जमवल्या म्हणून आज त्या संग्रहालयात बघायला मिळतात. पण त्यांनी आणलेलं दार तिथं कुठल्याच घरात उघडत नाही.

आर्किटेक्चरच्या मुलांनो, सुट्टी लागली आहे. टेप घ्या, एका बोळाची मोजणी करा, वाड्याची नको, बोळाची: वीस दारं, वीस ओटे, मधल्या एकोणीस भिंती. आजींना विचारून आत जा, चपला बाहेर काढा, चहा दिला तर नाही म्हणू नका.

आमच्या उजव्या हाताला अजून वाडा आहे. त्यांच्याशी आमचं पाच वर्षं बोलणं नव्हतं, सांडपाण्याच्या पाइपावरून. गेल्या आठवड्यात मी कडी वाजवली. येत्या रविवारी सकाळी सात वाजता दोन्ही घरं मिळून पन्हळ साफ करणार आहोत. तुम्हीही तुमच्या शेजाऱ्याला हाक मारा. तो आला तर उत्तम, नाही आला तर एकट्यानं करा, पाणी तुमच्याही भिंतीत उतरतं. शिडी नसेल तर आमची घेऊन जा. दहानंतर मोकळी आहे. संध्याकाळपर्यंत परत आणून द्या, पुढच्या बोळातल्यांना हवी आहे.